पोलीसकथेतील उलगडा

रहस्यकथा हाती आली की पुष्कळ वाचकांच्या हातून एक लहानसा अपराध घडतो. पहिली वीस-पंचवीस पाने वाचून होतात न होतात तोच ते हळूच शेवटचे प्रकरण उघडतात, खुनी कोण हे पाहून घेतात आणि मग निश्चिंत मनाने मागे येऊन पुढचे वाचू लागतात. गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी छापलेली उत्तरे आधी पाहणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट अशीच असते. उत्तर त्याच्या हाती येते, पण गणित सुटत नाही. ‘अमक्याने खून केला’ हे वाक्य शेवटच्या पानावरून उचलले तर ती केवळ एक बातमी ठरते. तेच वाक्य तीनशे पाने चालून गेल्यावर भेटले म्हणजे त्याला निष्कर्षाची योग्यता येते. बातमी आणि निष्कर्ष यांत जे अंतर आहे, तेच रहस्यकथेतील उलगड्याचे खरे रहस्य होय.

प्रस्तुत लेखात आपल्याला एवढेच पाहावयाचे आहे, की ज्या कथांचा नायक पोलीस अंमलदार असतो त्या कथांत लेखक आपले गुपित वाचकापुढे कोणकोणत्या रीतींनी उघडे करतो, त्यांपैकी कोणती रीत प्रामाणिक आणि कोणती लबाडीची, आणि या विचारातून आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी काही घेण्यासारखे आहे काय. विवेचनाच्या ओघात काही प्रसिद्ध कादंबऱ्यांचा उल्लेख येईल. परंतु ज्यांतील गुन्हेगार शेवटपर्यंत गुप्त ठेवला आहे अशा एकाही कादंबरीतील गुन्हेगाराचे नाव येथे सांगितले जाणार नाही, याविषयी वाचकांनी निर्धास्त असावे.

एक लहानसे कोडे

प्रथम एक काल्पनिक प्रसंग घेऊ. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे एखादे लहान गाव डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्याचे दिवस आहेत. शाळेच्या कार्यालयातील रुप्याचा चषक रात्रीतून नाहीसा झाला आहे. कुलूप फुटलेले नाही आणि किल्ल्या तिघांजवळ आहेत. सकाळी फौजदारसाहेब येतात आणि तिघांचे जबाब नोंदवून घेतात.

कारकून म्हणतो, “फीचा हिशेब पुरा करावयाचा होता, म्हणून रात्री नऊपर्यंत बसलो होतो. वहीच्या पानावर ही काजळी दिसते ना, ती कंदिलाची. आठाच्या सुमारास वादळ सुटले आणि सारे गाव अंधारात बुडाले. दिवे आले ते पहाटे दूधवाला आल्यावर. हिशेबात खाडाखोड झाली आहे ती त्यामुळेच, साहेब. मी निघालो तेव्हा चषक कपाटात होता.”

शिपाई म्हणतो, “मी ओसरीवर निजलो होतो. मध्यरात्री पावसाची झड आत येऊ लागली, म्हणून घोंगडी उचलून मागल्या पडवीत गेलो. पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही.”

शाळेसमोर राहणारे एक गृहस्थ, ज्यांच्याकडे जादा किल्ली ठेवलेली असे, ते म्हणतात, “माझी खिडकी कार्यालयाच्या बाजूलाच उघडते खरी. पण काल रात्रभर मी घरी गाढ झोपलो होतो. उशाशी पंखा चालू होता. त्याच्या घरघरीत बाहेरचे काही ऐकू येत नाही.”

झाले, एवढीच सामग्री. फौजदारसाहेबांना जे कळले ते सारे तुम्हांलाही कळले आहे. येथे क्षणभर थांबून विचार करावा. या कोड्याचे उत्तर लेखाच्या अखेरीस दिले आहे. शेवटचे परिच्छेद आधी वाचण्याचा मोह ज्यांना आवरेल, त्यांना हा लेख अधिक उपयोगी पडेल.

दोन कथा, एक पुस्तक

प्रत्येक पोलीसकथेत वस्तुतः दोन कथा असतात. पहिली गुन्ह्याची. ती घडून गेलेली असते आणि गुन्हेगाराखेरीज कोणालाही ती पुरती ठाऊक नसते. दुसरी तपासाची. ती आपल्या डोळ्यांसमोर घडत असते. दुसऱ्या कथेच्या वाटेने चालत चालत पहिल्या कथेपाशी पोचणे हाच या वाङ्मयाचा प्रवास होय, आणि ज्या ठिकाणी या दोन कथा एकमेकींस भेटतात त्या ठिकाणाला आपण उलगडा म्हणतो. ही भेट कोठे, कशी आणि कोणाच्या मुखाने घडवून आणावयाची, हा लेखकापुढील सर्वांत अवघड प्रश्न असतो.

लंडनच्या पोलीसदलात गुप्त तपासाची स्वतंत्र शाखा 1842 साली स्थापन झाली. तिच्या आदल्याच वर्षी अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याने आपला चतुर शोधक द्यूपाँ वाचकांपुढे आणला होता. परंतु द्यूपाँ हा खाजगी गृहस्थ होता, पोलीस नव्हे. पोलीस अंमलदाराला कादंबरीत मानाचे स्थान मिळाले ते चार्ल्स डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’मध्ये. ही कादंबरी 1852 ते 1853 या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील इन्स्पेक्टर बकेट एका श्रीमंत उमरावाच्या वाड्यात, त्या उमरावाच्या समक्ष, आपला तपास पायरीपायरीने उलगडून दाखवितो आणि तेथल्या तेथे गुन्हेगाराला बेड्या घालतो. सर्व संबंधितांना एका दिवाणखान्यात जमवून त्यांच्यापुढे रहस्यभेद करण्याची जी रीत पुढे शेकडो कादंबऱ्यांत रूढ झाली, तिचे बीज या प्रसंगात स्पष्ट दिसते.

या रीतीत नाट्य भरपूर आहे. परंतु तिचा एक धोकाही आहे. बोलणारा एकटा अंमलदार असतो आणि बाकीचे सारे ऐकत असतात. त्याने जर अशा गोष्टी सांगावयास आरंभ केला, की ज्या वाचकाला पूर्वी कधी दाखविल्याच नव्हत्या, तर वाचकाला आपण फसविले गेलो असे वाटते. उलगडा ऐकून ‘अरेच्चा, हे तर माझ्या डोळ्यांपुढेच होते!’ असे उद्गार निघावेत. ‘हे मला कोठून कळणार?’ असा प्रश्न निघता कामा नये.

फ्रेंच लेखक एमिल गाबोरियो याने निर्मिलेला लकॉक हा पोलीस अंमलदार एकेकाळी फार गाजला. 1869 साली पुस्तकरूपाने निघालेल्या ‘मस्यू लकॉक’ या कादंबरीच्या पूर्वार्धात तो बर्फावर उमटलेल्या पावलांवरून मोठ्या कौशल्याने अनुमाने काढतो. परंतु उत्तरार्धात तपास बाजूला राहतो आणि लेखक वाचकाला अनेक वर्षे मागे नेऊन एका घराण्याचा प्रदीर्घ इतिहास सांगू लागतो. कॉनन डॉइल याने 1887 साली ‘ए स्टडी इन स्कार्लेट’मध्ये शेरलॉक होम्सला प्रथम अवतीर्ण केले तेव्हा त्यानेही हीच वाट धरली. गुन्हेगार पकडला गेल्यावर कथा एकाएकी अमेरिकेतील ओसाड प्रदेशात जाते आणि गुन्ह्याचे मूळ सांगून परत येते. या पद्धतीत गुन्ह्याचे कारण सविस्तर कळते हे खरे; पण ते वाचकाने शोधलेले नसते, त्याला ते नुसते ऐकविलेले असते. दोन कथांची भेट न होता एक कथा थांबते आणि दुसरी सुरू होते.

साक्षीदारांच्या मुखाने

याहून सूक्ष्म मार्ग विल्की कॉलिन्स याने 1868 साली ‘द मूनस्टोन’ या कादंबरीत चोखाळला. या कथेतील पिवळा हिरा हा आपल्या देशातला. 1799 साली श्रीरंगपट्टण पडले त्या धामधुमीत एका इंग्रज अधिकाऱ्याने तो लुटला अशी कथेची कल्पना आहे. पुढे तो हिरा इंग्लंडमधील एका घरातून एका रात्रीत नाहीसा होतो. ही हकीकत कॉलिन्स स्वतः सांगत नाही. घरचा वृद्ध कारभारी, एक धर्मवेडी नातलग बाई, वकील, घरातील तरुण नातलग असे एकामागून एक साक्षीदार लेखणी हाती घेतात. प्रत्येकाने आपल्याला त्या वेळी जेवढे ठाऊक होते तेवढेच लिहावे, नंतर कळलेली गोष्ट आधी सांगू नये, असा त्यांना दंडक आहे. न्यायालयातील साक्षीचाच हा नियम नव्हे काय?

यातील पोलीस अंमलदार सार्जंट कफ हा मोठा हुशार, गुलाबांचा शौकीन आणि मितभाषी आहे. दारावरील ओल्या रंगाला कोणाचे तरी वस्त्र घासून गेले आहे एवढ्या एका गोष्टीवरून तो तपासाला दिशा लावतो. तथापि त्याचा पहिला तर्क चुकतो! पुष्कळ पानांनंतर तो पुन्हा येतो, आपली चूक मान्य करतो, आणि आपल्या नव्या तर्काप्रमाणे जो दोषी त्याचे नाव एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. पुरावा हाती आल्यावरच ते पाकीट फोडावयाचे असते. या बंद पाकिटातील मर्म ध्यानात घ्यावे. कफला नाव ठाऊक आहे, पण तो ते उच्चारत नाही. कारण संशय मनात बाळगता येतो, जगापुढे मात्र पुरावाच मांडावा लागतो.

कफचे चित्र रंगविताना कॉलिन्सच्या नजरेपुढे एक खरा अंमलदार होता असे मानले जाते. त्याचे नाव जोनाथन व्हिचर. 1860 सालच्या जून महिन्याच्या अखेरीस इंग्लंडमधील रोड या गावच्या एका घरात चार वर्षांचेही न झालेले एक बालक मारले गेले. लंडनहून पाठविलेल्या व्हिचरने त्या बालकाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर, कॉन्स्टन्स केंट हिच्यावर, संशय धरला. त्याचा आधार होता तो तिच्या हरवलेल्या रात्रवस्त्राचा. पण ते वस्त्र सापडले नाही. पुराव्याअभावी मुलगी सुटली आणि वृत्तपत्रांनी व्हिचरवर टीकेची झोड उठविली. 1864 साली तो नोकरीतून निवृत्त झाला. 1865 साली त्या मुलीने आपण होऊन गुन्हा कबूल केला. म्हणजे अंमलदाराचा तर्क त्या कबुलीने खरा ठरविला. तरीही तिची कबुली हे संपूर्ण सत्य होते काय, असा प्रश्न पुढील अभ्यासकांनी विचारलाच. खऱ्या जगात शेवटचे प्रकरण इतके नीटनेटके छापलेले नसते. कादंबरीतील उलगड्याने आपल्याला समाधान का वाटते याचे एक कारण येथे सापडते.

सचोटीचे नियम

पहिल्या महायुद्धानंतर रहस्यकथांचे पीक अमाप आले, आणि त्याबरोबर वाचकाला फसविण्याच्या युक्त्याही वाढल्या. शेवटच्या प्रकरणात अकस्मात एखादा जुळा भाऊ उपटावा, भिंतीत एखादे चोरदार निघावे, अथवा कोणत्याही शास्त्रज्ञाला अज्ञात असे विष सापडावे, असे प्रकार होऊ लागले. तेव्हा रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मोपदेशकाने, जो स्वतः रहस्यकथाही लिहीत असे, 1929 साली या लेखनाचे दहा नियम प्रसिद्ध केले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या आरंभीच्या भागात झालेला असावा; शोधकाला जो धागा सापडेल तो तत्काळ वाचकालाही दाखविला जावा; केवळ योगायोगाने अथवा अंतःस्फूर्तीने उलगडा होऊ नये; जुळ्या भावाचा उपयोग करावयाचा तर त्याची पूर्वसूचना द्यावी, अशा आशयाचे ते नियम आहेत. त्यांचा सूर थट्टेचा असला तरी अर्थ गंभीर आहे. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये एक अलिखित करार असतो आणि लेखकाने तो पाळला पाहिजे, असे नॉक्सला सुचवावयाचे होते.

त्याच वर्षी अमेरिकेत ‘एलरी क्वीन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या दोन मावस-मामेभावांनी ‘द रोमन हॅट मिस्टरी’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यात न्यूयॉर्कच्या पोलीसदलातील इन्स्पेक्टर आणि त्याचा लेखकपुत्र हे दोघे मिळून तपास करतात. उलगड्यापूर्वी कथा थांबवून लेखकाने वाचकाला उघड आव्हान दिले आहे, की आता सर्व आवश्यक माहिती आपल्यापाशी आहे, तरी उत्तर आपण स्वतःच काढावे. पुढे या लेखकद्वयाच्या अनेक पुस्तकांत हे आव्हान येत राहिले. विद्यार्थ्यांनी या प्रथेचा अर्थ ओळखावा. ज्या लेखकाने काही लपविलेले असते, तो असे आव्हान देऊ शकत नाही.

येथे एक शंका उपस्थित होण्यासारखी आहे. सर्व धागे दाखवावयाचे, तर रहस्य टिकेल कसे? उत्तर असे, की कुशल लेखक धागा लपवीत नाही. धाग्याचे महत्त्व लपवितो. तो धागा दुसऱ्याच एखाद्या प्रयोजनाने सांगितलेला असतो. वाचक ते प्रयोजन पुरे झाले असे समजून पुढे जातो आणि धागा मागे राहतो. उलगड्याच्या वेळी लेखक नवीन काही देत नाही, जुनेच उचलून वेगळ्या प्रकाशात धरतो.

उत्तर आधी सांगणाऱ्या कथा

आता एक विलक्षण प्रकार पाहू. 1912 साली रिचर्ड ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहात काही कथा उलट्या क्रमाने लिहिल्या. गुन्हा कोणी केला आणि कसा केला, हे तो आरंभीच दाखवितो आणि मग विचारतो, हा मनुष्य पकडला कसा जाईल? फ्रीमनचा शोधक वैद्यक आणि कायदा या दोहोंचा जाणकार होता. पोलीसकथेत हीच रीत फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स याने उत्तम वापरली. क्रॉफ्ट्स हा आयर्लंडमधील रेल्वेचा अभियंता. त्यामुळे वेळ, अंतर आणि वेग यांचा हिशेब त्याच्या हाडीमांसी खिळलेला. 1934 साली निघालेल्या ‘द ट्वेल्व्ह थर्टी फ्रॉम क्रॉयडन’ या त्याच्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात, क्रॉयडनहून निघालेले विमान फ्रान्समध्ये उतरते तेव्हा एक वृद्ध प्रवासी आसनावरच मृत झालेला आढळतो. पुढे लेखक आपल्याला सरळ खुन्याच्या मनात नेऊन बसवितो. त्याची पैशाची अडचण, त्याचा बेत, त्याची काळजी, सारे आपण आतून पाहतो. इन्स्पेक्टर फ्रेंच आपल्याला केवळ बाहेरून, मधूनमधून दिसतो. शेवटच्या प्रकरणांत मात्र तो आपण कोणत्या बारीक गोष्टीवरून कोठे पोचलो हे क्रमवार सांगतो, आणि ज्या क्षणांना खुन्याला आपण सुरक्षित आहोत असे वाटले होते, त्याच क्षणांना तपास पुढे सरकत होता हे आपल्याला कळून येते.

जे शेवटचे पान आधी वाचतात, त्यांना या कथा चांगला धडा देतात. उत्तर पहिल्याच पानांत सांगूनही कथा रंगते. तेव्हा रंगत नावात नसून सिद्धतेत आहे, हे उघड झाले.

अनेक हातांचे काम

दुसऱ्या महायुद्धानंतर पोलीसकथेचे स्वरूप पालटले. एकटा अलौकिक बुद्धिमान नायक मागे पडला आणि त्याच्या जागी सारे पोलीस ठाणे आले. अमेरिकेत एड मॅक्बेन याने 1956 साली ‘कॉप हेटर’ या कादंबरीने आपल्या सत्याऐंशीव्या ठाण्याची माला सुरू केली. तिच्यात पोलिसांचे छापील तक्ते आणि अहवालच वाचकापुढे ठेवले जातात. जे कागद अंमलदाराच्या मेजावर, तेच आपल्या हाती!

स्वीडनमधील माय श्योवाल आणि पेर वालो या जोडीने 1965 ते 1975 या अवधीत मार्टिन बेक या अंमलदाराच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. पहिली ‘रोझाना’. एका कालव्याचा गाळ उपसताना एका स्त्रीचे प्रेत सापडते. ती कोण, हेच कळावयास कित्येक आठवडे जातात. पुढे तिने प्रवास केलेल्या नौकेवरील सहप्रवाशांनी काढलेली छायाचित्रे आणि चित्रफिती देशोदेशींहून मागवून, एकेक चेहरा तपासून अंमलदार संशयितापर्यंत पोचतात. तथापि तेथे कथा संपत नाही. गुन्हेगार कोण हे कळल्यावर ते सिद्ध कसे करावयाचे, हा प्रश्न पुढे उभाच राहतो, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्यासाठी खर्ची पडतो.

जपानमध्ये सेइचो मात्सुमोतो याने 1958 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलेली ‘तेन तो सेन’ म्हणजे ‘बिंदू आणि रेषा’ ही कादंबरी याच जातीची. क्यूशू बेटाच्या किनाऱ्यावर एक स्त्री आणि एक पुरुष विषप्राशनाने मेलेले आढळतात. प्रेमिकांची आत्महत्या म्हणून प्रकरण मिटण्याच्या बेतात असते. पण तोरीगाई या वयस्क अंमलदाराला मृताच्या खिशात आगगाडीच्या भोजनडब्याची पावती सापडते. ती एकाच माणसाच्या जेवणाची असते. प्रेयसीबरोबर मरावयास निघालेला मनुष्य एकटाच जेवला कसा? एवढ्या क्षुल्लक कागदावरून तपास सुरू होतो. पुढे तोक्योचा तरुण अंमलदार मिहारा आगगाड्यांच्या वेळापत्रकाशी झुंज घेतो. संशयित कोण हे वाचकाला बरेच लवकर कळते; परंतु तो त्या वेळी देशाच्या दुसऱ्या टोकाला होता, असे सर्व साक्षीपुरावे सांगत असतात. हा अभेद्य तट ढासळतो कसा, हाच येथील उलगडा. तो दिवाणखान्यात जमलेल्या मंडळींसमोर होत नाही. मिहारा दूरच्या तोरीगाईला एक सविस्तर पत्र लिहितो आणि त्या पत्रातून आपल्याला सारे कळते. ज्याने पहिला धागा पकडला त्या ज्येष्ठ सहकाऱ्याला शेवटच्या धाग्याची हकीकत कळविणे, हे किती शोभून दिसते!

कबुली आणि पुरावा

उलगड्याची आणखी एक रीत म्हणजे कबुलीजबाब. बेल्जियममध्ये जन्मलेला लेखक जॉर्ज सिमनाँ याने 1930 नंतरच्या चार दशकांत मेग्रे या पॅरिसच्या पोलीस अंमलदारावर 75 कादंबऱ्या लिहिल्या. मेग्रे भिंगाने राख तपाशीत बसत नाही. तो माणसांत मिसळतो, त्यांच्या घरांत, खाणावळीत जाऊन बसतो, आणि अखेर सेन नदीच्या काठावरील आपल्या कचेरीत संशयितासमोर तासन् तास बसून त्याला बोलता करतो. येथे ‘कोणी’ यापेक्षा ‘का’ या प्रश्नाचे उत्तर मोठे ठरते, आणि ते ऐकून वाचकाच्या मनात पुष्कळदा क्रोधाऐवजी करुणा उत्पन्न होते.

वाङ्मय म्हणून ही रीत थोर आहे. परंतु आपल्या देशातील वाचकाने येथे एक गोष्ट विसरू नये. भारतात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याच्या 25 व्या कलमात हे तत्त्व होते, आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 23 व्या कलमातही ते कायम ठेवले आहे. आरोपीने कोठडीत असताना दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट प्रत्यक्ष उघडकीस आली, तर त्या शोधाशी स्पष्टपणे निगडित असलेला तेवढाच भाग पुढे मांडता येतो. धाक, मारहाण अथवा लालूच यांमुळे निरपराध मनुष्यही ‘होय, मीच केले’ असे म्हणून जातो, हा अनुभव या नियमामागे आहे. म्हणून आपल्याकडच्या पोलीसकथेचे शेवटचे प्रकरण कबुलीने संपत असेल, तर खटल्याचे पहिले प्रकरण तेथूनच सुरू होते असे समजावे.

आपल्याकडे हे वाङ्मय काही अगदी नवे नाही. कलकत्त्याच्या पोलीसखात्यात काम केलेले प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी 1892 च्या सुमारास ‘दारोगार दप्तर’ ही बंगाली कथांची माला सुरू केली. मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड यांसारख्या नायकांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून कित्येक पिढ्यांना वाचनाचा नाद लावला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतूनही मुलांना मातृभाषेतील पुस्तकाची गोडी लावण्यास अशा कथांचा हातभार लागला. त्यांना हलके म्हणून नाक मुरडण्यापेक्षा, त्या डोळसपणे कशा वाचाव्यात हे शिकणे अधिक हिताचे.

कोड्याचे उत्तर

आता आपल्या चषकाकडे वळू. दक्ष वाचकाने ओळखलेच असेल. कारकुनाने सांगितले, की रात्री आठापासून पहाटेपर्यंत गावात वीज नव्हती. समोरचे गृहस्थ म्हणाले, की रात्रभर उशाशी पंखा चालू होता. या दोन विधानांपैकी एक खोटे असलेच पाहिजे. विजेची गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक असणार. तीविषयी कारकून खोटे बोलला तर तत्काळ उघडा पडेल. तेव्हा खोटे बोलले ते समोरचे गृहस्थ. विजेचा उल्लेख तुमच्यापासून लपविला नव्हता. तो काजळीचे आणि खाडाखोडीचे कारण म्हणून सांगितला होता, आणि ते कारण पटताच तुम्ही तो विसरून गेलात. धाग्याचे महत्त्व लपविणे म्हणतात ते हे.

परंतु थांबा. त्या गृहस्थांना बेड्या घालण्याची घाई करू नका. येथवर सिद्ध काय झाले? ते खोटे बोलले, एवढेच. चषक त्यांनी नेला हे कोठे सिद्ध झाले? कदाचित ते त्या रात्री घरीच नसतील, आणि जेथे गेले होते ते ठिकाण चारचौघांत सांगण्यास त्यांना संकोच वाटत असेल. कदाचित त्यांनी खिडकीतून दुसऱ्याच कोणाला पाहिले असेल आणि त्याचे नाव घेण्याचे त्यांना भय वाटत असेल. चतुर फौजदार या खोटेपणाचा उपयोग एवढाच करील, की पुढचा प्रश्न कोणाला विचारावयाचा हे त्याला कळेल. चषक कोठे सापडतो, तो तेथे कोणी ठेवला, त्या रात्री ते गृहस्थ कोठे होते, हे सारे वेगळे शोधावे लागेल, आणि तोपर्यंत नाव बंद पाकिटातच राहील.

ज्यांनी पंख्याची विसंगती ओळखली त्यांची बुद्धी तल्लख आहे. ज्यांनी ती ओळखूनही ‘चोर सापडला’ असे म्हटले नाही, त्यांची बुद्धी तल्लख आहे आणि न्यायीही आहे. वर्गात एखाद्याची लेखणी हरवली म्हणजे कोणाकडे तरी बोट दाखविण्यास आपल्याला क्षणही पुरतो. शेजारी-पाजारी एखादी वावडी उठली म्हणजे आपण शेवटचे पान आधीच वाचून मोकळे होतो. चांगली पोलीसकथा ही सवय मोडावयास शिकविते. ती आपल्याला तीनशे पाने थांबावयास लावते, चार निरपराध माणसांवर संशय घ्यावयास लावते, आणि शेवटी त्या संशयाबद्दल मनातल्या मनात लाजावयासही लावते.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळी अशी कादंबरी हाती आली तर शेवटचे प्रकरण बोटाने घट्ट मिटून ठेवा. उलगडा झाल्यावर मात्र पुस्तक लगेच परत करू नका. पुन्हा पहिल्या पानापासून चाळा आणि लेखकाने सत्य कोठे कोठे उघड्यावर ठेवले होते, आणि आपण कोठे कोठे ते ओलांडून गेलो, याची टिपणे करा. दुसऱ्या वाचनात गुन्हेगार शोधावयाचा नसतो. आपल्या स्वतःच्या चुका शोधावयाच्या असतात.